डिव्होटी म्हणजे कोण?

मागच्या पावसाळ्यात वाशिम जिल्ह्यातल्या एका लहानशा धर्मग्रामातून आमच्या नावे एक पाकीट आले. आत आठ पानांची इंग्रजी पुस्तिका आणि तेथल्या धर्मगुरूंची दोन ओळींची चिठ्ठी. पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाआधी नऊ दिवस चालणाऱ्या नोव्हेनेच्या त्या प्रार्थना होत्या आणि ८ सप्टेंबरच्या सणापूर्वी त्यांचा मराठी तर्जुमा हवा होता. काम तीन संध्याकाळींचे आहे असे समजून आम्ही ते हाती घेतले. दुसऱ्याच पानावर 'डिव्होटी' हा शब्द भेटला. पुढे तो भेटतच राहिला. मोजून पाहिले तेव्हा आठ पानांत अकरा वेळा आलेला होता.

पहिल्या संध्याकाळी आम्ही अकराही ठिकाणी 'भक्त' लिहून मोकळे झालो. मरियेचे भक्त, भक्तजन, भक्तगण. वाचताना कानाला काही खटकले नाही. जेवणानंतर घरच्यांना वाचून दाखवू लागलो, तर महाविद्यालयात शिकणारा आमचा पुतण्या हसला. "काका, हे कुठल्या पक्षाचे भक्त?" म्हणाला. त्याला दटावले खरे. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मनात आले की चूक त्याची नाही. गेल्या दहाबारा वर्षांत या शब्दाचे जे झाले आहे ते त्याच्या पिढीने उघड्या डोळ्यांनी पाहिले आहे. एखाद्या पुढाऱ्याची बाजू घेऊन वाद घालणारा, समोरच्याचे ऐकून न घेणारा, तो 'भक्त'. पुढे 'अंध' जोडण्याचीही आता गरज उरलेली नाही, ते गृहीतच धरले जाते. तुकोबा-जनाबाईंनी ज्या शब्दाला घरच्या माणसासारखे वागवले त्या शब्दाची ही शिवी व्हावी, हे आमच्या भाषेतले एक मोठे दुःख आहे. त्याची म्हणावी तशी चर्चा झालेली नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी इंग्रजी शब्दाचेच पाहू. 'डिव्होटी'चे मूळ लॅटिन 'देवोव्हेरे' या क्रियापदात आहे. नवस करून एखादी वस्तू वा व्यक्ती देवाला देऊन टाकणे, आपला हक्क सोडणे, हा त्याचा अर्थ. रोमन इतिहासकार लिव्ही एक प्रसंग सांगतो. इसवी सनापूर्वी ३४० साली लॅटिन लोकांशी झालेल्या लढाईत रोमन फौजेची एक बाजू मागे हटू लागली. तेव्हा कॉन्सल पुब्लियुस देकियुस मूस याने पुरोहिताला बोलावले, डोके वस्त्राने झाकून घेतले, जमिनीवर ठेवलेल्या भाल्यावर उभा राहिला आणि पुरोहिताच्या मागून शब्द उच्चारत स्वतःला व शत्रूच्या सैन्याला पाताळातल्या देवतांच्या हवाली केले. मग घोड्यावर बसून तो एकटा शत्रूच्या गर्दीत घुसला आणि मेला. रोमन लोक या विधीला 'देवोतिओ' म्हणत. 'डिव्होशन' या आज इतक्या मऊ वाटणाऱ्या शब्दाचा हा पूर्वज आहे. लॅटिनमध्ये 'देवोतुस' म्हणजे समर्पित आणि 'देवोतुस' म्हणजे शापितही. ज्याचे आता काही खरे नाही असा.

ख्रिस्तमंडळाने हा शब्द घेतला आणि त्यातली मृत्यूची धार काढून टाकली, मात्र देऊन टाकण्याचा अर्थ राखला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'देवोतिओ'ची व्याख्या करताना भावनेला मुख्य स्थान दिलेच नाही. देवाच्या सेवेला तत्परतेने लागण्याची इच्छाशक्ती, असे त्यांचे म्हणणे. डोळ्यांत पाणी आले की नाही हा त्यांच्या लेखी दुय्यम प्रश्न. १६०९ साली संत फ्रान्सिस द सालेस यांनी आपल्या प्रसिद्ध ग्रंथात आणखी एक पाऊल पुढे टाकले. सैनिकाची छावणी, कारागिराचे दुकान, संसारी स्त्रीचे घर, या सर्व ठिकाणी ही समर्पितता शक्य आहे, ती मठाच्या भिंतीआड राहणाऱ्यांचीच मिरास नव्हे, असे त्यांनी ठासून मांडले. ज्या 'डिव्हाउट' जीवनाची ओळख त्यांनी करून दिली ते स्वयंपाकघरात आणि हिशेबाच्या वहीत दिसणारे जीवन होते.

इंग्रजीत 'डिव्होटी' हे नाम सतराव्या शतकाच्या मध्यास रुळले. त्याच्या शेवटचा 'ई' हा प्रत्यय पाहण्याजोगा आहे. 'एम्प्लॉयी' म्हणजे कामावर ठेवला गेलेला, 'ट्रेनी' म्हणजे ज्याला शिकवले जात आहे तो. त्याच न्यायाने 'डिव्होटी' म्हणजे वाहिला गेलेला. देवळात फूल वाहतात त्या अर्थाने. व्याकरणाने हा माणूस कर्ता नाही, कर्म आहे. आजच्या इंग्रजीत मात्र शब्द सैलावला आहे. जॅझ संगीताचा डिव्होटी, क्रिकेटचा डिव्होटी, अमुक लेखकाच्या कादंबऱ्यांचा डिव्होटी. अर्थ एवढाच, की याला ती गोष्ट फार आवडते. देण्याचा भाग गळून पडला, आवडीचा तेवढा राहिला. त्याचा धाकटा भाऊ 'फॅन' तर आपल्या घराघरांत आहे. तोही देवळातूनच आलेला. 'फानुम' म्हणजे देवस्थान, 'फानातिकुस' म्हणजे तेथे अंगात येणारा. त्याचे झाले 'फॅनॅटिक' आणि त्याचे शेपूट तोडून 'फॅन'. सिनेमानटाचा पोस्टर लावणाऱ्या मुलाला आपण कोणत्या वंशातले आहोत याचा पत्ताही नसतो.

आता आपला 'भक्त'. संस्कृतातील 'भज्' धातूचा हा क्त-प्रत्ययान्त शब्द, आणि 'भज्'चा मूळ अर्थ वाटणे, वाटा देणे, वाट्याचा धनी होणे. 'भाग' त्याचाच, 'विभाग' त्याचाच. एकत्र कुटुंब फुटून चुली वेगळ्या झाल्या की आपण 'विभक्त' म्हणतो. जो विभक्त नाही, ज्याचा वाटा वेगळा काढलेला नाही, तो भक्त, असा अर्थ काढला तर पंडित रागावतील. पण घरात वाटण्या झालेल्या वाचकांना तो पटकन उमजेल. आणखी एक गंमत. संस्कृतात 'भक्त' म्हणजे शिजवलेले अन्न, वाढलेला वाटा असाही अर्थ आहे. आपल्या ताटातला 'भात' त्याच शब्दापासून झाला. दर रविवारी एका भाकरीचे वाटेकरी होणाऱ्या आपल्या समाजाला, भक्त आणि भात हे एकाच धातूचे आहेत ही गोष्ट कोणी का सांगत नाही, याचे आम्हाला नवल वाटते.

म्हणजे लॅटिनमधला वाहिला गेलेला आणि संस्कृतातला वाट्याला आलेला, असे हे दोघे. एकमेकांना न ओळखता दोन भाषांनी जवळजवळ एकच गोष्ट सांगितली, आणि दोन्ही भाषांत आज त्या शब्दाची अवस्था सारखीच झाली. तिकडे हौशी रसिक, इकडे पक्षाचा पाठीराखा.

तरीही अकरा रिकाम्या जागा भरायच्या होत्याच. तेव्हा आम्ही ठरवले की कोशांना विश्रांती द्यावी आणि ज्या मातीत ही पुस्तिका वाचली जाणार तेथे माणसांना काय म्हणतात ते पाहावे. वाशिम जिल्हा तसा तरुण. १ जुलै १९९८ रोजी तो अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. भूमी मात्र प्राचीन, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म ती हीच. आपल्या दृष्टीने सांगायचे तर १९५५ साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांताचा हा भाग. येथे आपली कुटुंबे थोडी आहेत आणि देवाची माणसे पुष्कळ आहेत. इंग्रजी वृत्तपत्रांत या जिल्ह्याची बातमी येते ती बहुधा यात्रेची. रामनवमीला पोहरादेवीत 'डिव्होटी' लोटले, कारंजात 'डिव्होटी' जमले, शिरपूरला 'डिव्होटी' आले. मराठी पत्रेही मागे नाहीत. त्यांचा 'भाविकांची मांदियाळी' हा ठोकळा तयारच असतो. दोहोंतही या माणसांचे एकच काम दिसते, मोजले जाण्याचे. त्यांच्या आधी आकडा असतो आणि नंतर गर्दीचे छायाचित्र.

परंतु ही माणसे स्वतःला काय म्हणवतात? कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. दत्तसंप्रदायात दत्तात्रेयांचे दुसरे अवतार मानले गेलेले हे सत्पुरुष. त्यांचे चरित्र म्हणजे सरस्वती गंगाधरांचा 'गुरुचरित्र' हा ग्रंथ. तो ग्रंथ आम्ही श्रद्धेने नव्हे, तर साहित्याचे विद्यार्थी म्हणून वाचला आहे. त्यात सांगणारे सिद्धमुनी आहेत आणि ऐकणारा जो शिष्य आहे त्याचे नाव आहे नामधारक. नाव धारण करणारा! या नामधारकाचे ग्रंथातले मुख्य काम प्रश्न विचारणे हे आहे. पुढे काय झाले, असे का झाले, हे मला विस्ताराने सांगा. तो विचारत राहतो म्हणून ग्रंथ पुढे सरकतो. ज्याने प्रश्न विचारायचे नाहीत तो खरा अनुयायी, ही समजूत आजच्या बाजारात पक्की झाली आहे. कारंज्याच्या गुरूचे चरित्र मात्र विचारणाऱ्या शिष्याच्या खांद्यावर उभे आहे. आणि आपली बोलीभाषा किती निर्दय पाहा. 'नामधारक'चा सख्खा भाऊ 'नामधारी', आणि त्याचा अर्थ नुसता नावापुरता. 'नामधारी ख्रिस्ती' हा शब्दप्रयोग आपण प्रवचनातून किती वेळा ऐकला असेल! एका प्रत्ययाच्या अंतरावर शिष्य आहे आणि दुसऱ्याच्या अंतरावर आपण.

त्याच कारंज्यात जैनांचे जुने ग्रंथभांडार आहे. तेथल्या हस्तलिखितांवर प्रा. हिरालाल जैन यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मोठे काम केले. कारंजा जैन ग्रंथमालेत १९३२ साली त्यांनी संपादित केलेला 'सावयधम्मदोहा' हा अपभ्रंश भाषेतला ग्रंथ प्रसिद्ध झाला. सावय म्हणजे श्रावक. संसारात राहून धर्म पाळणाऱ्या माणसाने कसे वागावे ते यातल्या दोह्यांत सांगितले आहे. तो दहाव्या शतकातल्या देवसेनाचा मानला जातो. आम्हाला येथे महत्त्वाचा वाटतो तो शब्द. 'श्रावक' म्हणजे ऐकणारा. जैन गृहस्थाला हे नाव मिळाले ते तो आरडाओरडा करतो म्हणून नव्हे, ऐकतो म्हणून. आणि ऐकून झाल्यावर बारा व्रते आहेतच; पाच अणुव्रते, तीन गुणव्रते, चार शिक्षाव्रते. लॅटिन 'देवोतिओ'त जो 'व्होतुम' म्हणजे नवस वा व्रत दडलेले आहे, ते इंग्रजी 'डिव्होटी' विसरला. श्रावकाच्या हिशेबात ते बारा कलमांनी लिहिलेले आहे.

मानोरा तालुक्यातली पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. तेथे संत सेवालाल महाराजांची समाधी. देशभरच्या तांड्यांवरून रामनवमीला माणसे येतात. पिढ्यान्‌पिढ्या बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून लदेणीच्या वाटा तुडवलेला हा समाज. 'मागे चालणे' हा त्यांच्यासाठी अलंकार नव्हता, पोट होते. हे लोक सेवालालांना 'सेवाभाया' म्हणतात. भाया म्हणजे भाऊ. संताला महाराज म्हणून उंचावर बसवण्याची रीत आपल्याकडे सर्वत्र आहे, त्यांच्याकडेही आहे; पण जवळीक सांगायची वेळ आली की ते त्याला भाऊ म्हणतात. संत भाऊ असेल तर अनुयायी कोण? त्याचा भाऊ, त्याची बहीण. या नात्याला 'डिव्होटी' कुठे पुरणार? शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभूने आपल्या शिष्यांना, तुम्हाला आता दास म्हणत नाही, मित्र म्हणतो, असे सांगितल्याचे योहान लिहितो, त्याची आम्हाला येथे आठवण झाली.

मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरची गोष्ट वेगळी आणि अवघड. तेथे अंतरिक्ष पार्श्वनाथांचे प्रसिद्ध मंदिर आहे. मूर्तीचा लेप, तिचे अलंकार आणि पूजेचा अधिकार यांवरून श्वेतांबर आणि दिगंबर यांच्यात दीर्घ वाद झाला. १९२९ साली तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोहोचला होता. १९८१ साली मंदिराला कुलूप लागले. यात्रेकरू झरोक्यातून दर्शन घेत. २०२३ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर दार उघडले. बेचाळीस वर्षे! या वादात कोण बरोबर हे सांगण्याचा आम्हाला अधिकार नाही, आणि ती आमची इच्छाही नाही. दोन्हीकडची माणसे निष्ठावंत होती, एवढे मात्र दिसते. निष्ठा कमी पडली म्हणून दार बंद झाले नव्हते. वाचकांनी हे दुसऱ्याच्या घरचे भांडण म्हणून वाचू नये. सणाच्या मिरवणुकीत मातेचा पुतळा कोणत्या वाड्याने उचलायचा, यावरून आपल्याकडेही काही धर्मग्रामांत काय काय झाले ते जुनी माणसे जाणतात. आपणही त्या वेळी 'मरियेचे भक्त'च होतो.

विदर्भात आणखी एक शब्द आहे, तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत ज्यांनी धम्मदीक्षा घेतली, त्यांच्या मुला-नातवंडांत 'उपासक' आणि 'उपासिका' हे शब्द रूढ आहेत आणि बाबासाहेबांच्या संदर्भात 'अनुयायी' हा. 'भक्त' हा शब्द ते सहसा घेत नाहीत. त्याला कारण आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी स्पष्ट इशारा दिला होता की धर्मात भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणात ती अधोगतीचा आणि शेवटी हुकूमशाहीचा हमखास रस्ता आहे. आमच्या पुतण्याचे हसणे हा त्या इशाऱ्याचाच एक लांबचा पडसाद म्हणायचा. शब्दाची शिवी झाली ती शब्दात खोट होती म्हणून नव्हे. जेथे न्यायचा नव्हता तेथे तो नेला म्हणून. देवाला वाहायचे ते माणसाला वाहिले.

'अनुयायी' हा शब्द आम्हाला आवडू लागला तो येथे. मागून जाणारा. आणि नेमका हाच अर्थ एका ग्रीक शब्दात आहे, जो आपल्या वेदीपाशी रोज वावरतो, 'अकोलुथोस'. एकाच वाटेने सोबत जाणारा, अशी त्याची फोड. त्यापासून 'अ‍ॅकोलाइट'. (अकोल्याशी याचा काही संबंध नाही, हे पुतण्याला मुद्दाम सांगावे लागले.) १९७२ पर्यंत अ‍ॅकोलाइट ही धर्मगुरुपदाच्या वाटेवरची एक कनिष्ठ पायरी होती, त्या वर्षी पोप पॉल सहावे यांनी ती प्रापंचिकांनाही देता येईल अशी सेवा केली, आणि २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी ती स्त्रियांनाही खुली केली. इंग्रजी वृत्तपत्रांत मात्र 'अ‍ॅकोलाइट' म्हणजे पुढाऱ्याच्या मागे पिशवी धरून फिरणारा. शब्दांचे नशीब दुसरे काय!

नव्या करारात 'अकोलुथोस' हे नाम येत नाही. त्याचे क्रियापद मात्र पानोपानी आहे. जकातीच्या नाक्यावर बसलेल्या माणसाला प्रभूने उठवले ते याच क्रियापदाने. शिष्यासाठी जे नाम येते ते 'माथेतेस', म्हणजे शिकणारा, विद्यार्थी. चार शुभवर्तमाने आणि प्रेषितांची कृत्ये मिळून ते अडीचशेहून अधिक वेळा आले आहे. त्याचे स्त्रीलिंगी रूप साऱ्या नव्या करारात एकदाच सापडते, कृत्यांच्या नवव्या अध्यायात. योप्पा शहरातली तबिथा. ती मरण पावते, पेत्र येतो, तेव्हा रडणाऱ्या विधवा त्याला तिने शिवलेले अंगरखे आणि कपडे दाखवतात. शिष्या असल्याचा दाखला म्हणून तेथे तिची एकही प्रार्थना नोंदलेली नाही, तिचे एकही वाक्य नाही. शिवलेले कपडे आहेत. पुढे अकराव्या अध्यायात अंत्युखियात या शिष्यांना पहिल्यांदा 'ख्रिस्ती' म्हटले जाते, आणि तेही बहुधा बाहेरच्यांनीच ठेवलेले नाव. त्याआधी ते स्वतःला 'मार्गा'चे लोक म्हणत. वारकरी म्हणावे तसेच जवळजवळ.

आपल्या मराठीने या बाबतीत एक शहाणपण जपले आहे. तिने अनुयायांना नावे ठेवली ती त्यांच्या मनातल्या भावावरून नव्हे, हातापायांच्या कामावरून. वारी करतो तो वारकरी, माळ घालतो तो माळकरी, टाळ वाजवतो तो टाळकरी, सेवा करतो तो सेवेकरी. वारी चुकली तर त्याला वारकरी कसे म्हणायचे, हा प्रश्न भाषाच विचारते. इंग्रजी 'डिव्होटी' आज घरी आरामखुर्चीत बसूनही राहता येतो. आमची इंग्रजीशी मुळीच तक्रार नाही. याच इंग्रजीने आम्हाला देकियुसची गोष्ट वाचायला दिली. तक्रार आहे ती तर्जुमा करणाऱ्यांशी, म्हणजे पहिल्या संध्याकाळच्या आमच्याशीच. एका ढिल्या झालेल्या शब्दासाठी आम्ही दुसरा ढिला झालेला शब्द ठेवला होता.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना हा पेच आमच्यापेक्षा खोलवर कळला होता. ते आपल्या पंथाचे नव्हते, पण मराठी ख्रिस्ती माणसाला पंथाची कुंपणे ओलांडायला ज्यांनी शिकवले त्यांत ते अग्रणी. १९१७ साली त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या ख्रिस्तशिष्यांची ती बंधुता होती. शिष्यत्व नोंदवहीत मोजता येईल का, हा प्रश्न त्यांनी उघड उघड टाकला. त्याचे उत्तर आम्ही ज्या मंडळात वाढलो त्याला मान्य होणारे नाही. बाप्तिस्म्याचे मोल आम्ही कमी लेखू शकत नाही. पण प्रश्न खोटा नव्हता. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले आणि दरबारही फार टिकला नाही.

असो. पुस्तिकेकडे वळू. दुसऱ्या आणि तिसऱ्या संध्याकाळी, आणि खरे सांगायचे तर आणखी सहा संध्याकाळी, आम्ही त्या अकरा जागांवर बसलो. चार ठिकाणी 'भक्त' ठेवला. प्रार्थनेत मातेशी थेट बोलणे चालले होते तेथे दुसरा शब्द तोंडात बसेना, आणि शिवी झाली म्हणून आईसमोर आपले नाव बदलून सांगावे, हे आम्हाला पटले नाही. तीन ठिकाणी वाक्यच मोडून क्रियापद घातले: तुझ्यामागे येतो, तुझे ऐकतो, तुझ्याकडून शिकतो. दोन ठिकाणी 'सेवेकरी' बसला. एक जागा चक्क गाळली. इंग्रजीतही तिचे काही काम नव्हते. शेवटच्या पानावर नवव्या दिवसाची सूचना होती, की डिव्होटी मंडळींनी मेणबत्त्या पेटवून ग्रोटोपाशी याव्यात. तेथे आम्ही लिहिले, 'नवस फेडणाऱ्यांनी'. व्होतुम, नवस, देवोतिओ. मूळ अर्थ साधला म्हणून मनाशी खूषही झालो.

धर्मगुरूंचे उत्तर आठ दिवसांनी आले. तर्जुमा आवडला होता. मात्र शेवटच्या पानाबद्दल त्यांनी पेन्सिलीने खूण करून लिहिले होते की नवव्या दिवशी येणाऱ्यांत आपल्या धर्मग्रामाची माणसे निम्मीही नसतात. आजूबाजूच्या गावांतल्या, वेगवेगळ्या धर्मांच्या बायाबापड्या येतात. त्यांतल्या पुष्कळांनी नवस केलेला नसतो. का येता असे विचारले तर नीट सांगताही येत नाही, आई यायची म्हणून येतो, म्हणतात. सोयाबीन काढणीच्या आधीचे दिवस, चिखलाच्या वाटा. वाहन मिळत नाही किंवा परवडत नाही. म्हणून त्या जागी 'पायी आलेल्यांनी' असे घालू का, अशी त्यांनी परवानगी विचारली होती.

आम्ही होकार तारेच्या भाषेत कळवला. पुस्तिका तशीच छापली गेली.